आयच्या सात कोंबड्या

सुकाच्या खाचरात लोंब्या कापून पडल्या होत्या आणि त्यातली एकही कोणी नेली नव्हती. घाबरण्यासारखी गोष्ट हीच होती. चोर असता तर त्यानं नेल्या असत्या, डुक्कर असतं तर त्यानं तुडवल्या असत्या, उंदीर असता तर बिळाकडे ओढल्या असत्या. इथे कोणीतरी शांतपणे एकेक लोंबी देठाशी कातरून खाली टाकली होती आणि निघून गेलं होतं. चिखलात पायाचा ठसासुद्धा नव्हता.

सुकाची बायको ठमी मटकन बांधावर बसली. मासवणजवळच्या टेकडीखालचं ते खाचर जेमतेम चार गुंठ्यांचं, पण त्यात तिच्या सासूचा लाल भात होता. बाकी सगळा पाडा दुकानचं बियाणं पेरायचा. लाल भाताचं बी फक्त ठमीच्या कणगीत उरलं होतं, तेही यंदा सगळं पेरून झालं होतं. हे पीक गेलं तर पुढच्या पावसाळ्यात पेरायला दाणा नव्हता आणि मागायला कुठलं घरही नव्हतं.

“आय आली,” सुका हळूच म्हणाला.

आय वैशाखात वारली होती.

सुका तसा शहाणा माणूस. बोईसरला कंपनीत असलेल्या प्रदीपला, म्हणजे मुलाला, तो स्वतः फोन लावायचा. पण पन्नाशी आली तरी आईचा धाक गेला नव्हता. त्याचं म्हणणं सरळ होतं. दरवर्षी पहिली लोंबी आय कापायची. यंदा कोणी बोलावलं नाही, म्हणून ती आपली आपण आली आणि रागात असल्यामुळे थांबायचं नाव घेत नव्हती.

“पण राग कसला?” ठमीनं विचारलं.

“मला काय म्हायती? जिती असताना तरी सांगायची काय?”

हे साफ खोटं होतं. जिवंत असताना आय दिवसभर सांगत असायची. अगदी शेवटच्या दिवशी, तापात, सुकाचं मनगट धरून ती म्हणाली होती, “माज्या कोंबड्या कापू नको. शेतात सोड.” तापात माणूस काहीही बोलतं, असं सगळ्यांचं मत पडलं. मग दिवसकार्याला प्रदीपचे कंपनीतले मित्र आले, पाहुणे धरले त्याच्या दुप्पट झाले आणि आयच्या दिवसाला आयच्याच सात कोंबड्या रश्शात गेल्या. सुकानं दोनदा वाढून घेतलं होतं. आठवी तेवढी वाचली, कारण ती अंड्यांवर बसली होती.

हे सगळं आठवताच सुकानं विषय बदलला. “तिकडं तंबाखू मिळत नसंल तिला,” तो म्हणाला.

त्या संध्याकाळी आयची चंची तंबाखू भरून बांधावर ठेवली गेली. सकाळी चंची जशीच्या तशी होती आणि खाली पडलेल्या लोंब्या कालच्या दुप्पट. दुसऱ्या संध्याकाळी तळलेले बोंबील ठेवले. सकाळी ताटली लख्ख, आणि लोंब्या आणखी जास्त.

“बोंबील खाल्ले आन् राग पण ठेवला,” ठमी म्हणाली. “सासूच ती.”

तिसऱ्या दिवशी सुका दिवस मावळताना स्वतः बांधावर जाऊन उभा राहिला. वारा पडलेला होता. टेकडीची सावली खाचरावर सरकली, आणि भातातून आवाज यायला लागला. कुरूम. कुरूम. आधी एका कोपऱ्यातून, मग चारी बाजूंनी. वारा नसताना लोंब्या हलायला लागल्या. एक लोंबी सुकासमोर हळूच वाकली आणि त्याच्या पायावर पडली.

सुका घरी पोचला तेव्हा त्याच्या एकाच पायात चप्पल होती.

“चावतेय,” तो म्हणाला.

“कोण? काय चावतेय?”

“आय! भात चावतेय, चारी बाजूंनी.”

“आयला दात कुठं होते?”

सुका क्षणभर विचारात पडला. “तिकडं गेल्यावर नवे देत असतील.”

दोघं चुलीपाशी बसली. शेवटी ठमीनंच तोंड उघडलं. “अवं, कोंबड्या.”

“हूं,” सुका म्हणाला. त्याला ते तंबाखूच्या आधीपासून ठाऊक होतं.

उजाडल्याबरोबर त्यानं आठवी कोंबडी खाचरात नेली, खुंटी ठोकली आणि दाव्यानं बांधली. “घे बाय तुजी,” एवढं म्हणून, मागे न बघता तो परतला. संध्याकाळी तो कोंबडीला आणायला गेला, तेव्हा ती गळ्याशी फुगली होती आणि तिला चालवत नव्हतं. दुसऱ्या सकाळी दोघं खाचराशी आली आणि तिथेच थबकली. खुंटीभोवती एक गोल होता. दोरीनं आखावा तसा गोल. त्याच्या आत एकही लोंबी नवी पडली नव्हती आणि बाहेर सगळा सडा पडला होता.

“दाव्याइतकी खूश झाली,” सुका कुजबुजला.

मग सुकानं दावं लांब केलं. गोलही तेवढाच वाढला. आता शंकेला जागाच उरली नाही. सात खाल्ल्या, तर सात परत करायला हव्यात. तो शेजारीण विजयाकडे गेला.

“सात कोंबड्या? कशाला?” विजयानं विचारलं.

“आयला दाखवायला.”

“आन् आयनं ठेवून घेतल्या तर?”

सुका हातातली दावी मोजायला लागला. तरी विजयानं कोंबड्या दिल्या, कारण म्हातारीनं तिची दोन बाळंतपणं केली होती आणि म्हातारीला नाही म्हणायची तिची छाती नव्हती. सुकानं आठ खुंट्या ठोकल्या, आठ गाठी दोनदा ओढून बघितल्या, आणि नवराबायको टेकडीवर गवत कापायला गेली.

दुपारी परत येऊन बघतात तर एकही कोंबडी बांधलेली नव्हती. आठही दावी सोडून आपापल्या खुंटीवर नीट गुंडाळून ठेवली होती. कोंबड्या भातात शिरून रोपांच्या चुडांच्या बुडाशी उकरत होत्या, सगळ्या एका बाजूनं, लावणीला बायका उतरतात तशा. दुसऱ्या सकाळी एकही लोंबी पडली नाही. तिसऱ्या सकाळीही नाही.

चौथ्या दिवशी पालघरहून कृषी सहायक प्रतीक्षा मॅडम स्कूटरवरून आल्या. सगळं ऐकून त्या हसल्या, बांधाकडेच्या एका चुडाशी वाकल्या आणि बोटानं माती उकरून एक हिरवट-तपकिरी, पाठीवर पट्टे असलेली अळी काढली. हातावर ठेवताच तिनं वेटोळं केलं.

“हा तुमचा चोर. लष्करी अळी. पलीकडचं गवत संपलं की फौज भातात शिरते. दिवसा बुडाशी लपते, अंधारलं की वर चढते आणि देठ कुरतडते. खाते थोडं, पाडते जास्त. कोंबड्यांनी उकरून टिपल्या सगळ्या. आधी फवारलं असतंत तर कोंबड्या गेल्या असत्या. कोणी शिकवलं तुम्हाला?”

सुकाचे डोळे भरून आले. “आय सांगून गेली, मॅडम. शेतात सोड म्हणली. आमाला वाटलं, ताप हाय.” त्याला आपली फार लाज वाटली. ठमीनं मूठभर लाल लोंब्या पदरात घेतल्या आणि तीही रडली.

मॅडमनी गहिवर ओसरू दिला आणि फॉर्म काढला. “यशोगाथा म्हणून वर पाठवते. सांगा, कोंबड्या कोणी सोडल्या?”

“यांनी,” ठमी म्हणाली.

“मी?” सुका म्हणाला. “मी तर बांधल्या. सोडल्यास तू.”

“मी तुमच्याबरोबर टेकडीवर होते.”

दोघांनी कोंबड्या मोजायला आलेल्या विजयाकडे पाहिलं. “मी त्या दुपारी पालघरला बाजारात,” ती म्हणाली. मग तिची नजर खुंट्यांकडे गेली. “दावं असं उलटं गुंडाळायची ती म्हातारीच.”

भातात उकरणाऱ्या कोंबड्या थांबल्या.

“मग लिवा,” सुका म्हणाला. “आयनं.”

“पण इथे सही लागते,” मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा बारीक झाला होता.

सुकानं टेकडीकडे पाहिलं. सावली बांधापर्यंत आली होती. “बसा थोडं,” तो आदबीनं म्हणाला. “आता यायचीच वेळ झाली तिची.”

स्कूटर चहाडे गावाच्या वळणाला दिसेनाशी झाली तेव्हा मॅडमचं हेल्मेट बांधावरच राहिलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. वरच्या साहेबांना त्यांनी विचारून घेतलं होतं. त्या रकान्यात सही नसली तरी चालते.