आक्काचं घंगाळ आणि माझे नवे बूट

नियम समजावून सांगायचे तर माझ्यासारखा माणूस अख्ख्या खानदेशात सापडणार नाही, हे मी आधीच सांगून टाकतो. धुळ्याच्या कॉलेजात आयुष्यभर वनस्पतीशास्त्र शिकवलं. मागच्या बाकावर झोपणाऱ्या पोरांनाही करपा रोग कशाने पसरतो ते पाठ होतं! त्यामुळे समाधानचा फोन आला तेव्हा मी चहाचा कप खाली न ठेवताच म्हणालो, "काळजी करू नकोस. मी येतो."

समाधान माझा भाचा. पुण्यातली नोकरी सोडून गावी आला, आणि चोपड्याजवळच्या आपल्या शेतात त्याने केळीचं पॅकहाऊस उभं केलं. म्हणजे केळी धुवायची, निवडायची, खोक्यात भरायची आणि थेट परदेशी पाठवायची. गावातल्या बऱ्याच जणांनी त्याच्या भरवशावर केळी राखून ठेवली होती. आता ज्या देशात केळी जाणार, तिथल्या तपासणी करणाऱ्या बाई येणार होत्या. त्यांनी हो म्हटलं तर माल बोटीवर. नाही म्हटलं तर पुढच्या हंगामापर्यंत थांबा, आणि तयार केळी मिळेल त्या भावाने इथेच विका!

"मामा, त्या बाई फार कडक आहेत म्हणे," मी गावी पोहोचताच समाधान म्हणाला. पोराचा चेहरा सुकून गेला होता.

"अरे, मी त्यांच्याहून कडक आहे!"

मी घरच्यांना आणि पॅकहाऊसमधल्या कामाच्या बायकांना ओळीने बसवलं आणि समजावलं. आपली माती, आपली कीड त्यांच्या देशात जाऊ नये, त्यांची आपल्याकडे येऊ नये, म्हणून दोन्हीकडच्या जाणत्या लोकांनी एकत्र बसून हे नियम ठरवलेत. तेव्हा आवारात झाडपाला नको, शेण नको, जनावर नको, आणि मातीचा कण तर मुळीच नको!

ऐकणाऱ्यांत माझी थोरली बहीण होती. द्रौपदाबाई, म्हणजे समाधानची आई. आम्ही सगळेच, अगदी समाधानही, तिला आक्का म्हणतो. तिने पाहुणीसाठी दारात केळीचे खांब उभे केले होते. मी उपटायला लावले. आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं होतं, मी सोडवलं. सकाळी दारात शेणाचा सडा घातला, तो मी पाइप लावून धुऊन काढला. तिची शेळीसुद्धा शेजाऱ्याकडे पाठवली.

"पाव्हनी ई राहिनी का पोलीस?" आक्का फणकारली. तिचे डोळे भरून आले होते.

मलाही वाईट वाटलं. म्हणून मी तिला एक मानाचं काम दिलं. पॅकहाऊसच्या दारात एक पसरट ट्रे ठेवला होता आणि त्यात जंतुनाशक औषधाचं पाणी होतं. बूट त्यात बुडवूनच आत यायचं.

"आक्का, हा ट्रे तुझ्या ताब्यात. इथे पाय बुडवल्याशिवाय कोणालाही आत सोडायचं नाही. कोणी कितीही मोठं असो!"

आक्काचा चेहरा एकदम उजळला. "पाय धवाना ना? ते माले काय सांगस, पेमा! बापना घरनी रीत शे ती!"

इथे माझ्या डोक्यात घंटा वाजायला हवी होती. पण मी खुशीत होतो, आणि बापाचं नाव निघालं की मी जरा पाघळतो.

आमचे नाना, म्हणजे झुलाल नाना, गावातले नावाजलेले केळीवाले. तेव्हा कसलं पॅकहाऊस! बांधावर दिल्लीकडचे ट्रक लागायचे. तळाशी केळीची पानं अंथरायची आणि त्यावर घड रचायचे. चिकाने आमचे हातपाय काळे व्हायचे. पण व्यापारी असो की ट्रकचा सरदारजी ड्रायव्हर, नाना आधी त्याच्या पायावर पाणी घालायला लावायचे. मोठं तांब्याचं घंगाळ होतं. आक्का त्यात कोमट पाणी आणायची आणि मी टॉवेल धरून उभा. दराची बोलणी नंतर. "दूरथीन येल माणूस. पाय पहिले," असं नाना म्हणायचे. तो सरदारजी डोळे मिटून "वाह, वाह!" करायचा, तेव्हा मला वाटायचं, दिल्ली म्हणजे काही फार लांब नसावी. आता ना ते ट्रक, ना ते नाना.

असो. ठरलेल्या दिवशी मी धुळ्याहून घेतलेले कोरे, चकचकीत बूट घालून पाहुण्यांना घ्यायला थेट शेताच्या कडेच्या रस्त्यावर जाऊन उभा राहिलो. उभा राहिलो तिथेच ठिबकची नळी फुटलेली होती, आणि गाडी आली दुसऱ्याच रस्त्याने!

फोन वाजला. समाधान कुजबुजत होता. "मामा, बाई आल्या! आक्काने त्यांना खुर्चीवर बसवलंय आणि त्यांचे बूट काढतेय!"

"बूट? बूट कशाला? बूट घालूनच बुडवायचे!"

"अहो, ट्रेच नाहीये! तिथे नानांचं घंगाळ आहे! त्यात गुलाबाच्या पाकळ्यासुद्धा आहेत!"

"आणि औषध?"

फोनमधून आक्काचा खणखणीत आवाज आला. "ते घान पानी? मी फेकी दिधं! वास मारे! पाव्हनीना पाय त्यामा बुडावू का?"

मी धावत सुटलो! साठी उलटलेला माणूस, ओल्या केळीतून, धोतर नव्हतं म्हणून बरं. पानं तोंडावर सपासप लागत होती. डोळ्यांपुढे समाधानचा सुकलेला चेहरा. पोराचं सगळं आता माझ्या बहिणीने घंगाळात बुडवलं होतं! मागचं दार जवळ होतं. तिथून घुसलो, केळी धुवायच्या टाकीजवळून, टेबलांमधून, पार समोरच्या दारापर्यंत, "थांबा! स्टॉप! थांबा!" असं ओरडत.

समोर बघतो तर सगळं शांत. उंच, पिकल्या केसांच्या त्या बाई उंबऱ्याच्या आत अनवाणी उभ्या. त्यांच्यासोबत आलेल्या आपल्या सरकारच्या अधिकारी कामिनी मॅडम, त्याही अनवाणी. समाधान अनवाणी, कामाच्या बायका अनवाणी. आक्काने खरोखरच कोणालाही सोडलं नव्हतं. सगळ्यांचे पाय धुतलेले, पुसलेले, लखलखीत.

"बाईंना वाटलं, इथली पद्धत फारच काटेकोर आहे," कामिनी मॅडम हळूच म्हणाल्या. "त्या खूश आहेत. आणि खरं सांगू? मी पिंपळनेरची. माझे पाय असे माहेरी गेल्यावरच कोणी धुतले होते."

मी हुश्श केलं. पण बाईंचं लक्ष जमिनीकडे गेलं होतं. पांढऱ्या फरशीवर काळ्या चिखलाचा एक एक ठसा. त्यांची नजर मागच्या दाराकडे गेली. तिथून टाकीजवळ, टेबलांमधून, वळून, थेट माझ्या बुटांपाशी. पाठोपाठ सगळ्यांची नजर आली. एका बुटाला तर केळीचं अख्खं पान चिकटलं होतं.

बाई काहीतरी बोलल्या.

"हे गृहस्थ कोण, विचारतायत," कामिनी मॅडम म्हणाल्या.

समाधान छताकडे बघू लागला. आक्का मात्र अभिमानाने म्हणाली, "मना भाऊ शे! प्रोफेसर शे. झाडपाला शिकाडे!"

मॅडमनी त्याचं भाषांतर करताना फार वेळ खोकून घेतलं.

पुढे काय सांगू! बाईंनी सांगितलं, दारात औषध हवंच, मागच्या दारालाही हवं, आणि सगळी फरशी औषधाने धुवा. दुपारी पुन्हा बघते. बायकांनी फरशी घासली, मी बाहेर बाभळीखाली बसलो. आत जायची मला परवानगी नव्हती. दुपारी बाई सगळं फिरल्या आणि समाधानशी हात मिळवला. कामिनी मॅडम म्हणाल्या, "झालं तुमचं!" पोरगा खाली बसून रडलाच. मीही रडलो, पण बाभळीखाली.

पहिला कंटेनर भरायचा त्या दिवशी मी पुन्हा गेलो. या वेळी साध्या चपला! आक्का दारातच बसली होती, शेजारी नानांचं घंगाळ.

"पाय पुढे कर, पेमा."

मी केले. तिने टाचा घासल्या, बोटांच्या फटी घासल्या, लहानपणी केळीचा चीक काढायची तशाच. हात आता खरबरीत झालेत तिचे. "नाना पाह्यजे व्हता आज," ती म्हणाली. आत खोकी रचली जात होती. ती आता दिल्लीच्याही पलीकडे जाणार होती. डोळे पुसले, उठलो आणि उंबऱ्याकडे पाय टाकला.

"थांब!" आक्काने हात आडवा घातला. उंबऱ्याशी तो ट्रे होता, काठोकाठ औषधाने भरलेला. "त्यामा बी बुडाव पहिले. चपला घालीसन!"

"अगं, आत्ताच तर तू..."

"नियम शे! कोनलेच सोडानं नही. मना प्रोफेसर भाऊनी सांगेल शे!"