टँकर कुठं थांबतो?

वच्छलानं ड्रम मागितला, तिथून हे सगळं सुरू झालं.

त्या दुष्काळात आमच्या वडवणीच्या घरातला नळ भिंतीची शोभा म्हणून उरला होता. टँकर गल्लीच्या तोंडाशी थांबायचा आणि तिथून वच्छला, म्हणजे माझी पत्नी, दुखरे गुडघे सांभाळत घागरी आणायची. मी मदत करत नसे असं नाही. गच्चीवर उभा राहून टँकर दिसला की मी वर्दी द्यायचो. (वजन उचललं की मला चक्कर येते, अशी माझी समजूत आहे.) एके दिवशी ती म्हणाली, "आवं, एक मोठा निळा ड्रम घेऊन टाका. पाइप लावून एकदाच भरता येईल."

माझ्या जागी दुसरा कुणी असता तर बाजारात गेला असता. मी विनोद केला. म्हणालो, "ड्रम कशाला? ड्रम लागतच नाही अशा देशात जाऊन राहू."

ती हसली नाही. घागर खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि विचारलं, "कवा जायाचं?"

ही थट्टा होती हे सांगायला मला थोडा उशीर झाला. तोवर तिनं भिंतीवरून शेजारच्या भिवराबाईंना सांगितलं होतं आणि दिवेलागणीपर्यंत गल्लीनं आम्हाला निरोप द्यायला सुरुवात केली होती. माघार घेण्यापेक्षा पासपोर्ट काढणं सोपं होतं. शिवाय तिच्या तोंडाकडे पाहिलं की थट्टा कुणाची झाली हेच मला कळेनासं व्हायचं. चाळीस वर्षं संसार करून या बाईनं माझ्याकडे मागितलं काय, तर उघडली की पाणी येणारी तोटी. आता निदान ती तरी शोधून द्यायला हवी होती.

देश थायलंड ठरला. तिथं समुद्र आहे, थंडी नाही आणि निवृत्त माणसं जाऊन राहतात, असं मी वाचलं होतं. टूर कंपनीबरोबर जाण्यात अर्थ नव्हता. ते लोक देवळं दाखवतात, नळ दाखवत नाहीत. आपलं आपण जायचं, समुद्रकाठच्या एका लहान गावात घर घेऊन महिनाभर राहून बघायचं आणि पटलं तर म्हातारपण तिथंच काढायचं, असा बेत होता.

प्रश्न फसवणुकीचा होता. मी डॉक्टर आहे, पण औषधाचा नव्हे. माझा प्रबंध 'ग्रामीण सहकारातील विश्वासाचे स्थान' या विषयावर आहे. तो ज्या आठवड्यात मान्य झाला, त्याच आठवड्यात माझी ठेव असलेल्या पतसंस्थेला कुलूप लागलं. तेव्हापासून कुणावर विश्वास ठेवायची वेळ आली की मला दोन्ही बाजू पटतात आणि मी तिथंच बसून राहतो. परदेशी जाणाऱ्यांना कसं फसवतात यावर मी इतकं वाचलं की फसवणाऱ्याचं सगळं ज्ञान मला झालं. स्वभाव मात्र फसणाऱ्याचाच राहिला.

शेवटी गहिनीनाथांना बोलावलं. हे आमचे शेजारी, दूध संस्थेचे माजी चेअरमन. संस्था कधीच बंद पडली, पण चेअरमन हे नाव अजून चालू आहे. त्यांनी माझे सगळे मुद्दे ऐकून घेतले आणि बाजूला सारले.

"सर, माणूस घराचं खोटं बोलंल, कागदाचं खोटं बोलंल. तुमी फकस्त पान्याचं इचारा. पान्याबद्दल जो लई सांगतो तो खोटा. आमी सोता इलेक्शनला सांगितलेलं हाय."

मला हे एकदम पटलं. (नंतर पटेनासं झालं, पण तोवर व्हिडिओ कॉल लागला होता.)

नेटवर सापडलेलं पहिलं घर त्या समुद्रकाठच्या गावातल्या सुदा नावाच्या एका वयस्क बाईंचं होतं. वच्छलानं त्यांना लगेच सुदाबाई करून टाकलं. बाई हसऱ्या, इंग्रजी माझ्याइतकंच अडखळत. मी विचारलं, नळाला पाणी किती दिवसांनी येतं? त्यांना प्रश्नच कळेना. पाणी आहे, म्हणाल्या. मी म्हटलं, हो, पण येतं कधी? नेहमीच असतं, म्हणाल्या. माझ्यामागं उभ्या असलेल्या गहिनीनाथांनी 'हं' केलं. मी पुढचा प्रश्न टाकला, टँकर कुठं थांबतो?

बाईंचा चेहरा पडला. त्यांनी काळजीनं विचारलं, "कुठं आग लागली आहे?"

टँकर माणसांना प्यायला पाणी देतो हे त्यांना समजावून सांगताना मीच गोंधळलो. अखेर आमची खात्री पटावी म्हणून त्यांनी स्वयंपाकघरातली तोटी पूर्ण उघडली, फोन तिच्यासमोर धरला आणि तशीच वाहती ठेवून समुद्राचं वर्णन करू लागल्या. वच्छलाला ते बघवेना. ती माझ्या खांद्यावरून ओरडली, "आवो बाई, आदी बंद करा ती!" सुदाबाई दचकल्या आणि फोन बंद झाला.

"खोटं," गहिनीनाथ म्हणाले. "मंत्र्याच्या दौऱ्याला आमी बी अर्धा घंटा असंच पाणी सोडायचो."

वच्छला अजून काळ्या पडलेल्या फोनकडे बघत होती.

दुसरा होता एक एजंट. त्याच गावातला, हिंदी उत्तम, बोलणं नम्र. त्यानं आधी आमच्याकडची परिस्थिती विचारली. मी सविस्तर सांगितली. (कुणी विचारलं की मला राहवत नाही. वर्गात कुणी विचारत नसे.) मग तो खोल आवाजात म्हणाला, "सर, खोटं कशाला बोलू? पाण्याची इथंही ओढाताण आहे. भरून ठेवावं लागतं. पण टँकर दारात येतो."

गहिनीनाथांच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढा प्रामाणिक माणूस त्यांनी सहकारात पाहिला नव्हता. ॲडव्हान्स त्याच संध्याकाळी गेला. जिथं पाणी भरून ठेवावं लागतं तिथं आपण कशाला चाललोय, हा प्रश्न मला पडायला हवा होता. तो विमानात पडला. वच्छलाला मात्र बहुधा आधीच पडला होता, कारण तिनं सामानात पाण्याचा पाइप घेतला होता.

दिलेल्या पत्त्यावर टॅक्सीनं सोडलं तर समोर लांबलचक लाल इमारत, आणि तिच्यापुढं ओळीनं उभे लाल टँकर. माझ्या मनात पाल चुकचुकली. वच्छला म्हणाली, "पत्ता बरूबर हाय. टँकर बगा की किती हायत." तिनं बॅग उघडली, पाइप काढला आणि पहिल्या टँकरच्या मागं नंबर लावून बसली.

ते अग्निशमन केंद्र होतं. आत राहायची सोय नव्हती. जवान बाहेर आले, पाइप बघितला आणि पळत आत जाऊन हेल्मेट घालून आले. त्यांना शांत करून मी एजंटाला फोन लावला. तो बंद होता. वच्छलानं माझ्याकडे पाहिलं, पाइपाची गुंडाळी केली आणि म्हणाली, "त्या सुदाबाईला लावा."

परक्या मुलखात, ज्या बाईला खोटी ठरवली तिलाच फोन करायचा होता. मी लावला. तिकडून पहिला प्रश्न आला, "आग विझली का?" त्या दिवसापासून बाईंना आमची काळजी लागून राहिली होती.

तासाभरात त्या स्वतः आम्हाला न्यायला आल्या. घर फोनमध्ये दिसलं होतं तसंच निघालं. वच्छला चप्पल न काढता सरळ स्वयंपाकघरात गेली. तोटी उघडली. बंद केली. परत उघडली आणि पाण्याखाली नुसता हात धरून उभी राहिली. मी बाहेर येऊन समुद्र बघितला. तिच्यासमोर मला कुठं उभं राहावं ते कळेना.

मग तिनं भरायला सुरुवात केली. बादल्या, पातेली, कपबश्या, फुलदाणी, माझा दाढीचा मग. मी म्हणालो, इथं गरज नाही. ती म्हणाली, "आन् उद्या न्हाई आलं मंजी?"

सकाळी सुदाबाई नाश्ता घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या. पाय ठेवायला जागा नव्हती. त्यांनी मला एकीकडे घेऊन हळूच विचारलं, हे कशासाठी? मी आमच्याकडची सवय समजावून सांगू लागलो. पाणी अचानक जातं, आधी भरून ठेवलेलं बरं. हे सगळं वडवणीबद्दल होतं, हे सांगायचं राहिलं. मी डॉक्टर आहे हे मात्र सांगून झालं होतं.

बाई नाश्ता तिथंच ठेवून लगबगीनं निघाल्या. थोड्या वेळानं शेजारच्या घरातून भांड्यांचे आवाज येऊ लागले, मग त्यापलीकडच्या, मग समोरच्या. दुपारपर्यंत अख्खी गल्ली एकदम पाणी भरत होती. मग आमच्या तोटीनं खाकरल्यासारखा आवाज केला आणि ती कोरडी पडली.

लोक माझे आभार मानायला आले. एका आजोबांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. विश्वासावर पदवी मिळवल्यापासून एवढ्या लोकांनी माझ्यावर विश्वास ठेवण्याची ही पहिलीच वेळ होती, आणि त्यामुळे त्यांच्या गावचं पाणी गेलं होतं.

संध्याकाळी लाल टँकर आला. जवानांनी वच्छलाला ओळखून सलाम ठोकला. तिनं पाइप काढला, पदर खोचला आणि मराठीतून रांग लावली. म्हाताऱ्यांना पुढं घेतलं, मध्ये घुसणाऱ्या एकाला दटावलं. सगळ्यांनी मुकाट्यानं ऐकलं. सुदाबाईंचेही गुडघे दुखत होते, म्हणून मग दोन्ही घरांच्या बादल्या वाहायला मीच उरलो. चक्कर आली नाही. वच्छलानं ते नीट पाहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी नळ आला आणि महिनाभर पुन्हा गेला नाही. पण निघताना सुदाबाईंनी कायमचं राहायला कधी येता, असं विचारलं, तेव्हा वच्छलानं त्यांचा हात थोपटला आणि मला भाषांतर करायला सांगितलं.

"घर लई चांगलं हाय मनावं. पर पान्याचा भरोसा न्हाई."

वडवणीत आता घागरी मी आणतो. गच्चीवर उभं राहून वर्दी वच्छला देते आणि हे काम वाटतं तितकं सोपं नाही, असं म्हणते. परत आलो त्याच आठवड्यात मी मोठा निळा ड्रम घ्यायला बाजारात गेलो. एव्हाना मी शहाणा झालो होतो. ड्रम गळत नाही याची गॅरंटी दुकानदार देत होता, पण मी नुसत्या शब्दावर गेलो नाही. म्हणालो, आधी पाणी ओतून दाखवा.

त्यानं दुकानातला रिकामा माठ उपडा करून दाखवला.

"सर," तो म्हणाला, "तुमी भाइरगावचे का?"