साल्वादोरच्या समुद्राची ओटी

आधीच सांगून ठेवतो, मी कुणाच्या बापाला भीत नाही! आणि टूर कंपनीच्या तर वाऱ्यालाही उभा राहत नाही. पुढं झेंडी धरून चालणारं ते पोरगं आणि त्याच्या मागं एकसारख्या टोप्या घालून चाललेली माणसं बघितली की मला बाजाराला निघालेली शेरडं आठवतात. माझा साडू बजरंग असाच दुबईला जाऊन आला. काय बघितलं विचारलं, तर म्हणतो, "नाष्ट्याला पोहे होते!" अरे मर्दा, परभणीच्या स्टँडवरचे पोहे काय वाईट होते?

तवाच ठरवलं. जायचं तर पाठीवर पिशवी टाकून, आपल्या पायानं आणि आपल्या अकलेनं. आणि जायचं ते थेट ब्राझीलला!

ब्राझीलच कामून? सोयाबीन, दुसरं काय! मानवतच्या मोंढ्यात माल घेऊन गेलो की दरवर्षी व्यापारी तोंड वाकडं करून एकच सांगतो, "भाव पडलाय मालक, ब्राझीलचं पीक लय आलंय." माझ्या सासऱ्यानं माझ्या जिंदगीत जेवढी ढवळाढवळ केली नाही तेवढी ह्या ब्राझीलनं केली! म्हटलं, एकदा ह्या देशाच्या तोंडासमोर जाऊन उभं राहायचंच. नव्या रस्त्यात थोडी जमीन गेली होती, मोबदला आला होता. बजरंगचीही गेली होती, त्यानं त्या पैशात गाडी घेतली. मी तिकिटं काढली.

हे कळल्यावर बजरंग भर लग्नाच्या मांडवात ओरडला, "चंद्रभानराव, तुमी पासपोर्ट हरवणार! आन् रडत मलाच फोन करणार!"

"तुमाला फोन करायची पाळी आली तर मी तिथंच सोयाबीन काढायला राहीन!" मीही ओरडलो. वरातीतला बँडसुद्धा थांबला होता. सगळ्या पाहुण्यांनी ऐकलं. म्हणजे आता पासपोर्ट हा नुसता पासपोर्ट राहिला नव्हता, माझं नाक झाला होता.

आणखी एक सांगतो, कारण पुढं लागणार आहे. टूर कंपनीनंतर मला कशाचा राग असेल तर अंगात येण्याचा! आमच्या गावात सटवाजीच्या अंगात देवी येते. अंगावर पातळ पांघरतो, थरथरतो, घुमतो, आणि बायाबापड्या पाया पडतात. मी एकदा चारचौघांत त्याला म्हणालो, "सटवाजी, खरंच देवी असंल तर सोयाबीनचा भाव कधी वाढंल ते सांग. न्हाईतर गप घरी जाऊन भाकर खा!" देवी जागच्या जागी उतरली. गावात अजून माझं हे वाक्य सांगतात.

तर निघालो. पासपोर्टासाठी मी मानवतच्या शिंप्याकडून खास बंडी शिवून घेतली होती, आतून चोरखिसा, त्याला वर बटन, बटनावर परत पट्टी! चोराला आधी शिवणकाम शिकावं लागलं असतं. रेणुकाची, म्हणजे माझ्या बायकोची, भावकीतल्या बायांनी ओटी भरली. इरकली खण, नारळ, गहू, हळकुंड, सुपारी. आणि बाईनं ते सगळं रुमालात बांधून पाठपिशवीत टाकलं!

"अगं, तिथं नारळाची बनं हायेत! आपुन परभणीहून नारळ न्यायचा?"

"ओटीचा नारळ वाटंत टाकून देतेत व्हय? तुमचं तुमी बगा, माझं मी बगते."

तिकडच्या विमानतळावर एका सायबानं तो नारळ हलवून बघितला, कानाला लावला, रेणुकाकडं बघितलं आणि मुकाट्यानं परत दिला. माणूस हुशार होता.

साल्वादोर हे समुद्राकाठचं मोठं शहर. अर्धं शहर डोंगरावर, अर्धं खाली, आणि मधी ये-जा करायला लिफ्ट! आम्ही उतरलो ते स्वस्तातलं हॉस्टेल, खाटेवर खाट रचलेली. वरच्या खाटेवर मी. खाली उतरायचं म्हणजे रोज सकाळी कडुनिंबावरून उतरल्यासारखं! पण मजा आली हो. साडीवर पाठपिशवी लावून रेणुका चालायला लागली की लोक तिच्यासोबत फोटो काढायचे, माझ्या हातात मोबाईल देऊन! एका देवळात मनगटाला रंगीत फिती बांधल्या. रेणुका म्हणाली, "ह्यो तर आपला गंडाच की." रस्त्यात पांढऱ्या घेरदार कपड्यातल्या बाया डाळीचे वडे तळत बसलेल्या. मी खुश होऊन एक घेतला, फोडला.

"अवो," रेणुका किंचाळली, "वड्याला मिशा हायेत!"

झिंगे होते आत. मिशांसकट. आणि सोयाबीन? सगळं शहर पालथं घातलं, सोयाबीनचं एक झाड दिसलं नाही! दुश्मनाच्या घरी जावं आणि दुश्मन शेतावर गेलेला असावा, तशी माझी गत झाली.

आता मुख्य फजितीकडं येतो. तिथं फेब्रुवारीच्या सुरुवातीला समुद्राच्या देवीचा सण असतो. देवीचं नाव येमांजा. कोळी लोक मोठमोठ्या टोपल्या ठेवतात, सगळं गाव त्यात फुलं, आरसे, फण्या, अत्तर वाहतं आणि दुपारनंतर त्या टोपल्या नावांत घालून समुद्रात सोडून येतात. आम्ही निघालो बघायला. पण त्या सकाळी रेणुकानं माझी बंडी धुवायला घेतली.

"वास मारायलाय तिचा! आन् आयका, पासपोर्ट म्या ओटीच्या गाठोड्यात ठेवलेत. खणाच्या घडीत. देवाच्या वस्तूला चोर हात लावत न्हाई. आयकू आलं का?"

मी न्हाणीत होतो. डोळ्यांत साबण. "हां," म्हणालो. आता नवऱ्याच्या 'हां'ला काय किंमत असते हे इतक्या वर्षांत हिला कळू नये का? चूक कुणाची तुम्हीच सांगा!

किनाऱ्यावर ही गर्दी! सगळे पांढऱ्या-निळ्या कपड्यांत, ढोल घुमायलेत, फुलांची रांग ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. आम्हीही रांगेत लागलो. उन्हानं रेणुकाच्या घशाला कोरड पडली.

"मी पाणी आणते. ही पिशवी धरा. सोडू नका बरं का!"

"मी काय लेकरू हाय का?"

ती गेली आणि रांग अशी सरकायला लागली, जशी काय मला न्यायलाच आली होती! बघता बघता टोपली समोर. पुढची म्हातारी, डोक्याला पांढरं फडकं बांधलेली, तिनं गुलाब वाहिले आणि वळून माझ्याकडं बघितलं. माझ्या रिकाम्या हाताकडं बघितलं. मग असं चुकचुकली की बस्स! अहो, मानवत तालुक्याचा माणूस आणि देवीसमोर रिकाम्या हातानं? इज्जतीचा सवाल होता! मी पिशवीत हात घातला. गाठोडं लागलं. खण! नारळ! वा रे चंद्रभान, म्हटलं, ह्या टोपलीत असं कुणाचंच नसंल! ओटी भरणं हे बायांचं काम, मला ठाऊक आहे. पण परदेशात कोण विचारतं?

मी गाठोडं दोन्ही हातांनी कपाळाला लावलं आणि टोपलीत अलगद ठेवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या! म्हातारीनं माझ्या गालाची पापी घेतली! बजरंगला दुबईत कुणी घेतली होती का?

रेणुका पाण्याची बाटली घेऊन आली.

"पिशवी हलकी कामून लागायलीय?"

"ओटी भरली देवीची! टाळ्या पडल्या, टाळ्या! तू पायजे होतीस!"

ती मटकन वाळूत बसली. "अवो, पासपोर्ट होते त्यात!"

मी हसलो. "येडी का खुळी? पासपोर्ट तर माझ्या..." आणि छातीवर हात मारला. छातीवर बंडी नव्हती. पोपट छापलेला टी-शर्ट होता.

मग मला न्हाणीतला तो 'हां' आठवला. त्याच्या पाठोपाठ बजरंगचं तोंड आठवलं. फोन कानाला लावून खदाखदा हसणारं!

मी पळालो. कोळ्यांनी टोपली उचलायला घेतली होती. मी जाऊन तिला मिठीच मारली. पासपोर्ट गेला तर परत कसं जायचं हो? आणि गेलोच तर मानवतला तोंड कसं दाखवायचं? मी मराठीत, हिंदीत, हातवाऱ्यांत सगळं सांगितलं. टोपलीकडं बोट, माझ्याकडं बोट, मग हात जोडले. त्यांनी त्याचा सरळ अर्थ घेतला, की ह्या भक्ताला देवीपर्यंत जायचंय! दोघांनी टोपली उचलली, दोघांनी मला उचललं आणि दोन्ही नग नावेत टाकले.

"अवो, कुटं चाललाव?" रेणुका काठावरून ओरडली.

"मलाच म्हाईत न्हाई!" मी ओरडलो.

मला पोहता येत नाही. मी आयुष्यात मोठं पाणी बघितलं ते येलदरीच्या धरणाचं, तेही भिंतीवरून. आणि इथं नाव अशी उसळायलीय की कालची मिशीवाली डाळ घशाशी आली. पार आत गेल्यावर नाखव्यानं, म्हणजे एका दणकट काळ्याभोर गड्यानं, टोपली कडेला घेतली. मी झेप घातली. गुलाब उडाले, आरसे पडले, आणि माझ्या हाती गाठोड्यातून बाहेर आलेलं खणाचं टोक लागलं! मी ओढलं. त्यानं दुसरं टोक धरलं. देवीला दिलेलं कुणी परत घेतं का? त्याच्या जागी मी असतो तर कानफटात दिली असती. तो बिचारा नुसता "काल्मा, काल्मा" करत होता. म्हणजे शांत हो. कसला शांत! तेवढ्यात लाट आली, गाठ सुटली, नारळ डुबुक! गहू भुर्र! आणि खणाच्या घडीतून पासपोर्ट घसरले ते नेमके माझ्या मांडीवर. मी ते दातांत धरले. हो, दातांत! हात नावेला धरायला लागत होते!

नाखव्यानं पासपोर्ट बघितले. मग माझ्याकडं बघितलं. आणि असा हसला, असा हसला, की नाव बुडती का काय वाटलं. पण हसून झाल्यावर त्यानं समुद्राकडं बोट केलं आणि तोंड गंभीर केलं. कळलं मला. देवीचं घेतलं, बदली काहीतरी द्या. माझ्याकडं काय होतं? टी-शर्ट काढला आणि सोडला पाण्यात. पोपटासकट.

आता मला किनाऱ्यावर उतरताना डोळ्यांसमोर आणा. उघडाबंब, चिंब भिजलेला, केस कपाळावर, समुद्रावरच्या वाऱ्याच्या गारठ्यानं आणि भीतीनं चळाचळा कापणारा मी! अंगावर नारिंगी खण पांघरलेला. दात वाजायलेत, तोंडातून "हूंऽ हूंऽ" आवाज निघायलाय. गर्दी बाजूला झाली. ढोल वाढले. ती मघाची म्हातारी पुढं आली, माझे खांदे धरले, अंगावर अत्तराचं पाणी शिंपडलं. मी अजूनच कापलो, कारण पाणी गार होतं!

"मिळाले का?" रेणुका.

मी पासपोर्ट दाखवले. तिनं समुद्राला हात जोडले, डोळे पुसले आणि म्हणाली, "खण भिजवलाच ना शेवटी!"

प्रकरण मिटलं असं मला वाटलं. पण मी नावेतून उतरत होतो तेव्हा ह्या बाईनं, नवरा जिता आहे हे कळावं म्हणून, मोबाईलवर माझं चित्रीकरण केलं होतं. आणि घरच्या ग्रुपवर टाकलं होतं. वर लिहिलं होतं, 'समुद्रात गेले होते, देवीनं परत पाठवलं.' पासपोर्टाचा शब्द नाही! पुढं ते तिच्या बहिणीनं पाठवलं, तिथून भावकीत, तिथून पोखर्णी, बोरी, जिंतूर, आणि आमचं विमान उतरायच्या आत सगळ्या जिल्ह्यात!

घरी पोचलो तर दारासमोर रांग. हातात लिंबं, नारळ, हार. वाटलं, सत्कार आहे! पहिला उभा बजरंग. माझं नाक वाचलं होतं, त्याला फोन केला नव्हता! मी छाती काढून म्हणालो, "बगा बजरंगराव, पासपोर्ट आणले का न्हाई?"

त्यानं वाकून माझे पाय धरले. दुबईला जाऊन आलेल्या माणसानं!

"पासपोर्टाचं सोडा, म्हाराज," तो हळूच म्हणाला. "गोदामात सगळं सोयाबीन ठिवून बसलोय. भाव कधी वाढंल तेवढं सांगा."

"अहो, मी गारठ्यानं कापत होतो!"

"सगळे असंच म्हणतेत," मागून आवाज आला. सटवाजी होता. हात जोडून उभा. डोळ्यांत असं हसू, की मला माझं ते गाजलेलं वाक्य शब्दन् शब्द आठवलं. "तुमीच तर म्हणला होता मालक. खरी देवी असंल तर भाव सांगती!"

रांगेतलं सगळं गाव माझ्याकडं बघायलंय. मी आत बघितलं, रेणुका काहीतरी मार्ग काढंल म्हणून. ती म्हणाली, "सांगा की कायतरी! माणसं उन्हात ताटकळायलीत."

मग मी काय केलं असेल? डोळे मिटले. जरासा थरथरलो. आणि म्हणालो, "पाडव्यानंतर!"

आता पाडवा तोंडावर आलाय आणि भाव आहे तिथंच आहे. तुमच्यापैकी कुणाची ब्राझीलमध्ये ओळख असेल तर तेवढं पीक जरा कमी घ्यायला सांगा हो. नाहीतर मला पुन्हा गाव सोडून जावं लागेल. ह्या खेपेला टूर कंपनीची झेंडीसुद्धा चालेल, पोहेही चालतील!