विश्रामने समजूत काढली

ठाण्याला टेंभी नाक्यामागे आगऱ्यांच्या मुलांसाठी बोर्डिंग निघालं, तेव्हा मॅट्रिकच्या वर्गातल्या विश्रामला दामाजी मास्तरांनी मुलांवरचा मोठा भाऊ नेमलं. सूचना मोजक्याच होत्या. भांडणं सोडव, दिवे सांभाळ. "आणि नवं पोर गप्प बसलं, की समजायचं त्याला घर आठवतंय. त्याला घरचंच विचार. मन मोकळं झालं की जेवतं."

विश्राम तयारच होता. पण पोरं पडली दांडगी. रडायला कुणी तयार नव्हतं. अशात खडवलीचा राघो आला. सकाळी बाप त्याला सोडून गेला आणि दुपारी सगळे जेवत असताना हा खांबाला टेकून उभा. पानावर बसलाच नाही. न जेवणारं पोर मास्तर परत धाडायचे. विश्रामचा जीव खालीवर झाला. पहिलंच नवं पोर, तेही हातचं जाणार! जेवणं झाल्यावर त्याने राघोला ओटीवर नेलं.

"आई आठवते का रे?"

"नाय," राघो म्हणाला.

"आठवत असणारच. घरी कोण कोण आहे?"

"आई हाय. बहीण हाय. गायीचा पाडा हाय."

"पाडा! तुझ्यामागे धावायचा का रे?"

राघोचा ओठ थरथरला. विश्रामला हुरूप आला. "आता तो तुला शोधत असेल," तो मायेने म्हणाला, आणि राघोने भोकाड पसरलं.

मन मोकळं झालं खरं, पण रडं थांबेना. धीर द्यायला विश्राम आपली हकिगत सांगू लागला. "अरे, मी टिटवाळ्याहून निघालो ना, तेव्हा माझी आई गाडीबरोबर चालत होती. ओरडत होती, 'पोचलास की सांग रे!' आता ठाण्यातनं तिला सांगायचं कसं? तिला वाटलं असेल, मी पोचल्यावर हाक मारीन..."

हे वाक्य त्याने आजवर कुणापुढे उच्चारलं नव्हतं. मोठा भाऊ गुडघ्यात डोकं घालून हुंदके देऊ लागला.

आतली पोरं बघायला आली. विश्रामदादा रडतो म्हणजे काहीतरी भयंकरच असणार. सगळ्यांत धाकट्या काळुरामने आधी सूर लावला, मग बाकीच्यांना आपापल्या आया आठवल्या. स्वयंपाकाच्या सखुबाईने तो आकांत ऐकला आणि काही न विचारता चुलीवरची रात्रीची आमटी उतरवून निखाऱ्यांवर पाणी ओतलं. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही. मग परसातून तिने शेजारच्या आवडाबाईला हाक दिली, "अगो, आमचे घरान कोनतरी गेला गो!"

दिवस कलायच्या आत आळीतल्या बायका भाकऱ्या आणि पिठलं घेऊन दारात आल्या. मागोमाग डोक्याला पंचा गुंडाळून चार माणसं आली. फिरून परतणारे दामाजी मास्तर ती गर्दी बघून अंगणातच मटकन बसले.

"कोण रे?" त्यांनी विचारलं. "कोण गेलं?"

पोरांनी एकमेकांकडे बघितलं. सगळे होते. तरी कुणाला रडू आवरेना.

आवडाबाईने मात्र आधी टोपली उघडली. समोर डोळे सुजलेला राघो दिसला. "ये रे बाला, बस जेवाला. सकालपासून काय खाल्लास का नाय?"

राघो तत्काळ मांडी घालून बसला. एक भाकरी गेली, दुसरी गेली. विश्राम रडायचा थांबून पाहत राहिला.

"अरे, मग दुपारी का नाही जेवलास?"

"मना कोनी बस बोललाच नाय," राघो तोंड भरून म्हणाला. "आपल्याच मनान कसा बसाचा? आई म्हनते, परक्याचे घरान बोलावल्याबिगर पानाव बसू नको."

मास्तरांनी खाकरून दुसरीकडे पाहिलं. खांदा द्यायला आलेली माणसं पंचे सोडून खांद्यावर टाकू लागली. आवडाबाई मात्र रागावली नाही. भाकऱ्या परत नेणं तिला पटेना. तिने पोरांना ओळीत बसवलं, मास्तरांनाही बसवलं.

विश्राम तेवढा खांबाजवळ उभा राहिला. लाज होती, शिवाय टिटवाळ्याची गाडी अजून डोळ्यांपुढून हलत नव्हती.

राघो उठला. खरकटा हात मागे धरून, दुसऱ्या हाताने त्याने विश्रामची बाही ओढली.

"दादा, चल, जेवाला बस. मी बोलावताव ना तुला."