नागीण निघाली

शनिवारी सकाळी शरच्चंद्र बेहेरे उघड्या अंगाने आरशासमोर उभे होते आणि मान वळवून वळवून स्वतःची पाठ पाहायचा प्रयत्न करत होते. एकाहत्तराव्या वर्षी मान एका मर्यादेपलीकडे वळत नाही. शेवटी त्यांनी बायकोला हाक मारली.

“बघ गं, काय चावलंय ते. दोन दिवस नुसती आग होतेय.”

श्यामलाबाईंनी चष्मा लावून पाठ निरखली. “चावलेलं नाहीये हे. फोड आलेत. पाठीपासून पुढे बरगडीपर्यंत.”

“घामोळं असेल.”

“घामोळं सगळीकडे होतं. हे एकाच बाजूला आलंय, अगदी शिस्तीत.”

‘शिस्त’ हा शब्द बायकोने मुद्दाम वापरला, हे शरच्चंद्रांच्या ध्यानात आलं. तो त्यांचा लाडका शब्द होता. बँकेच्या तपासणी विभागात उभी हयात गेल्यामुळे समोरचा चुकतच असणार असं धरून चालायची त्यांना सवय होती, आणि निवृत्तीनंतर ही सवय त्यांनी डॉक्टर लोकांवर चालवली होती. आयुष्यात एकही गोळी घेतली नाही, हा त्यांचा अभिमान होता. कोविडच्या लसी त्यांनी घेतल्या होत्या, पण त्या सरकारी आदेश म्हणून, तेव्हा त्या हिशेबात धरायच्या नाहीत, असा त्यांचा खुलासा असे.

सदाशिव पेठेतल्या त्यांच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये रोज संध्याकाळी ज्येष्ठांचा कट्टा भरायचा. फेब्रुवारीत तिथे कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या डॉक्टर नम्रता आल्या होत्या. साठी उलटलेल्यांनी फ्लूची, न्यूमोनियाची आणि नागिणीची लस घ्यावी, असं त्यांनी समजावून सांगितलं. लहानपणी कांजिण्या येऊन गेलेल्या माणसाच्या अंगात तो विषाणू दबा धरून बसतो आणि म्हातारपणी नागीण होऊन निघतो, वगैरे. ऐकून झाल्यावर शरच्चंद्र उठले होते. “डॉक्टर, आमच्या वयात लस लागत नाही, शिस्त लागते. नागिणीची लस घ्यायला आम्ही काय वारुळात राहतो?” कट्टा खो खो हसला. लस कोण घेणार, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा एकही हात वर गेला नाही.

त्या दिवसापासून कट्ट्यावर शरच्चंद्रांचा शब्द खाली पडत नसे. मधे एप्रिलमध्ये मंडळी तिघं तिघं करून रिक्षाने सारसबागेच्या गणपतीला जाऊन आली आणि त्यांना कोणी बोलावलं नाही, एवढं एक शल्य होतं. पण तेही आज भरून निघणार होतं. आज संध्याकाळी कट्ट्यातर्फे ‘निरोगी ज्येष्ठ’ म्हणून त्यांचा शाल आणि श्रीफळ देऊन सत्कार होता. ‘औषधाविना सत्तरी’ या विषयावर ते बोलणार होते. भाषण पाठ होतं.

श्यामलाबाईंनी पाठीचा फोटो काढून डॉक्टर नम्रतांना पाठवला. पाच मिनिटांत त्यांचा फोन आला. श्यामलाबाईंनी ऐकून घेतलं आणि नवऱ्याकडे पाहिलं.

“नागीण आहे.”

शरच्चंद्र खाटेवर बसले. टेकायला गेले आणि ताडकन पुन्हा सरळ झाले.

“गोळ्या आजच्या आज सुरू करायच्या म्हणाल्या. उशीर झाला तर दुखणं महिनोन्‌महिने मागे लागतं. मी खाली जाऊन घेऊन येते.”

“घेऊन ये. पण मी खाणार कार्यक्रम झाल्यावर.”

“अहो, का?”

“गोळी खाल्लेला माणूस निरोगी म्हणून शाल कशी घेईल? तत्त्वाचा प्रश्न आहे. आणि संध्याकाळपर्यंत हे कोणाला कळता कामा नये.”

श्यामलाबाईंनी वाद घातला नाही. पंचेचाळीस वर्षांत त्यांनी वाद घालण्यापेक्षा वाट बघणं पत्करलं होतं. त्या गेल्या, मेथीच्या जुडीखाली लपवून गोळ्या घेऊन आल्या आणि मग धायरीला सुनेला, स्पृहाला फोन लावला. नवऱ्याला ऐकू जाऊ नये म्हणून न्हाणीघरात गेल्या. न्हाणीघराची खिडकी डक्टमध्ये उघडत होती, आणि त्याच डक्टमध्ये खालच्या मजल्यावरच्या वासंतीबाईंची खिडकीही उघडत होती. त्या बाई खिडकीत बसून बादलीतले कपडे पिळत होत्या. त्यांच्या कानावर हे पडलं:

“अगं स्पृहा, आमच्याकडे नागीण निघालीय... हो, सकाळीच दिसली... चांगली वीतभर आहे. तोंड पुढे आलंय, शेपूट अजून मागेच आहे... छे गं, धरायचं काय तिला, आग आग होते नुसता हात लागला तरी... कोणाला सांगू नको म्हणालेत, संध्याकाळी कार्यक्रम आहे ना.”

वासंतीबाईंच्या हातातला परकर बादलीत पडला. पुढच्या मिनिटाला सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मजकूर आला: ‘बेहेरे यांच्या घरात नागीण निघाली आहे. सत्कारासाठी लपवून ठेवली आहे. सर्वांनी खाली यावे.’

थोड्याच वेळात बेहेऱ्यांची बेल वाजली. शरच्चंद्रांनी घाईने सदरा चढवला, तो पाठीला घासला तसे दात आवळले आणि दार उघडलं. दारापासून चांगली चार पावलं लांब सोसायटीचे चेअरमन अनंतराव हातात काठी घेऊन उभे होते. कट्ट्याचे अध्यक्षही तेच.

“बेहेरे, खरं सांगा. नागीण निघालीय?”

शरच्चंद्रांचा चेहरा पडला. “कोणी सांगितलं?”

“ते सोडा. कधीपासून?”

“दिसली आज. पण दोन दिवस जाणवत होती.”

“दोन दिवस? आणि तुम्ही गप्प बसलात?”

“ही माझी खासगी बाब आहे, अनंतराव.”

“खासगी कशी? दुसऱ्याकडे गेली म्हणजे?”

“जात नाही ती दुसऱ्याकडे. मी झाकून ठेवलीय.”

अनंतराव आणखी दोन पावलं मागे सरकले. “कशाखाली?”

“सदऱ्याखाली.”

“सुती कापडाने काय होणार तिला? बेहेरे, तुमचं धाडस मान्य आहे, पण सर्पमित्राला बोलावलंय. तो येईपर्यंत दोघंही खाली चला.”

‘सर्पमित्र’ हा शब्द कानावर पडला आणि शरच्चंद्रांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. लोकांना वाटतंय ती वेगळीच नागीण. आता खरं सांगावं तर संध्याकाळी शाल जाते, भाषण जातं, आणि ‘आम्ही काय वारुळात राहतो’ हे वाक्य जन्मभर मागे लागतं. खोटं सांगावं तर एक साप घरात आहे एवढंच म्हणावं लागतं. तपासणी विभागातल्या माणसाने दोन्ही बाजू पाहिल्या आणि साप निवडला.

“पळाली ती,” ते म्हणाले. “सदऱ्याखालून सटकली. घरातच कुठेतरी आहे.”

मागे श्यामलाबाईंनी एकदा छताकडे पाहिलं आणि गोळ्यांचं पाकीट कमरेच्या बटव्यात टाकलं.

सगळी इमारत पार्किंगमध्ये उतरली. दुपारी दिग्विजय नावाचे सर्पमित्र आले. हिंजवडीत नोकरी करून सुट्टीच्या दिवशी साप धरणारे गृहस्थ. एका हातात वाकडी सळई, दुसऱ्या हातात चित्रीकरण करणारा मोबाईल.

“काका, साइज काय होती?”

“वीतभर,” शरच्चंद्रांच्या तोंडून निघून गेलं.

“मग बेबी आहे. म्हणजे आई आसपास असणार.”

हे ऐकून वासंतीबाई मटकन खाली बसल्या. “वीतभर नव्हे, वावभर,” शरच्चंद्रांनी दोन्ही हात पसरून घाईने दुरुस्ती केली.

“फणा काढला होता?”

“काढला होता.”

“कलर?”

शरच्चंद्रांना आरशातली पाठ आठवली. “लालसर. मधे मधे पांढरे ठिपके.”

दिग्विजयांचे डोळे चमकले. “रेअर आहे. पण डोन्ट वरी, मी बघतो.” ते वर गेले आणि तासाभराने घामाघूम होऊन खाली आले. बेहेऱ्यांचं कपाट रिकामं झालं होतं, फडताळातले डबे जमिनीवर होते, आणि पलंग भिंतीपासून सुटून खोलीच्या मध्यावर आला होता.

“शंभर टक्के आहे,” दिग्विजय ठामपणे म्हणाले. “न्हाणीघरात ओला पट्टा दिसला, वळणावळणाचा. तिथून डक्टमध्ये उतरलीय. कुठल्याही फ्लॅटमध्ये असू शकते. मिळेपर्यंत कोणी वर जायचं नाही.”

तो ओला पट्टा श्यामलाबाईंच्या पोचाऱ्याचा होता. पण तज्ज्ञाने सापाला दुजोरा दिल्यावर शरच्चंद्रांनाही क्षणभर वाटून गेलं की खरंच असेल एखादी.

दुपारभर इमारतीतली माणसं पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून राहिली. कोणाची कुकरला लावायची डाळ वर राहिली, कोणाची कवळी. ऊन चढलं तसा शरच्चंद्रांचा सदरा पाठीला चिकटू लागला. जणू कोणी उदबत्ती टेकवत होतं. त्यांना खुर्चीला टेकता येईना आणि उभंही राहवेना. ते ओठ घट्ट मिटून काठावर ताठ बसून राहिले.

“बघा, कसे सावध बसलेत,” वासंतीबाई शेजारणीला म्हणाल्या. “आपण सगळे पेंगतोय.”

श्यामलाबाई पाणी घेऊन जवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, “आता तरी घ्या. पुरे झालं.”

“सत्कार होऊ दे.”

“डॉक्टर काय म्हणाल्यात ऐकलंत ना? दुखणं कायमचं बसेल.”

“दोन तासांनी काय होतंय?” असं म्हणाले खरे, पण आवाजातली शिस्त बिघडली होती. त्यांना मनातून भीती वाटत होती, आणि ही भीती वाटतेय हे बायकोला दिसतंय याची जास्तच.

साडेपाच वाजले. नाहीतरी सगळे खालीच आहेत, तर कार्यक्रम उरकून घेऊ, असं अनंतरावांनी ठरवलं. नारळ होताच, शाल अनंतरावांच्या स्कूटरच्या डिकीत होती. अनंतराव उभे राहिले.

“मित्रहो, सत्तरी ओलांडलेला माणूस गोळ्यांचा डबा घेऊन फिरतो. पण आमच्या बेहेऱ्यांनी आज घरात निघालेली जिवंत नागीण सदऱ्याखाली दाबून धरली. याला म्हणतात प्रकृती. याला म्हणतात शिस्त.”

टाळ्या पडल्या. अनंतरावांनी त्यांच्या हातात नारळ दिला आणि अंगावर शाल पांघरवली. लोकरीची. शरच्चंद्रांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि कट्ट्याला ते आनंदाचं वाटलं. मग अनंतराव त्यांच्या मागे गेले, म्हणाले, “वा बेहेरे,” आणि त्यांनी उजव्या हाताने सणसणीत शाबासकी दिली.

शरच्चंद्र जे ओरडले ते पलीकडच्या गल्लीत ऐकू गेलं. नारळ हातातून निसटून अनंतरावांच्या पायाजवळ पडला.

“चावली,” वासंतीबाई किंचाळल्या. “सदऱ्यातच बसली होती मेली.”

खुर्च्या उलट्या झाल्या. पार्किंग अर्धं रस्त्यावर गेलं. दिग्विजय सळई सरसावून पुढे आले. “काका, हलू नका. कुठे आहे?”

श्यामलाबाई शांतपणे पुढे झाल्या. “पाठीवरच आहे. सकाळपासून.” त्यांनी शाल काढली आणि सदरा मागून वर उचलला.

दिग्विजयांनी मोबाईलचा उजेड टाकला. लालसर होती. मधे मधे पांढरे ठिपके होते. तोंड पुढे आलं होतं आणि शेपूट मागे होतं. रस्त्यावर गेलेली माणसं एकेक करून परत आली आणि वाकून पाहू लागली.

“अच्छा, ही नागीण,” वासंतीबाई म्हणाल्या.

शरच्चंद्र मान खाली घालून उभे होते. आता हसतील, याची त्यांनी तयारी केली. फेब्रुवारीत हसले होते तसेच. पण कोणी हसलं नाही. सगळे एकमेकांकडे बघत होते. अनंतराव घसा खाकरून म्हणाले, “म्हणजे तुम्ही लस खरंच घेतली नव्हतीत?”

“खरंच म्हणजे? तुम्ही तरी कुठे घेतलीत?”

अनंतरावांनी पायाजवळचा नारळ उचलून पुसायला घेतला. “एप्रिलमध्ये घेतली. सगळ्यांनीच.”

“एप्रिलमध्ये?” शरच्चंद्रांनी मान वर केली. “सारसबागेला गेला होतात तेव्हा?”

“स्वारगेटच्या दवाखान्यात. गणपती वाटेवर होता, म्हणून दर्शनही झालं. इथे कोपऱ्यावर गेलो असतो तर तुम्ही गॅलरीतून बघितलं असतं. मग रोज ऐकवलं असतंत.”

“आम्हाला वाटलं, तुम्हीही गुपचूप घेऊन आला असाल,” वासंतीबाई म्हणाल्या. “बोलायचं एक आणि करायचं एक, आपल्यात असतंच की.”

शरच्चंद्रांनी कट्ट्यावरून नजर फिरवली. त्यांच्या वाक्यावर खो खो हसलेला एकेक चेहरा लस टोचून घेतलेला होता. अख्ख्या इमारतीत शब्दाला जागणारा एकच माणूस निघाला होता आणि तो उघड्या पाठीने उभा होता. त्यांनी आधारासाठी बायकोकडे पाहिलं.

“श्यामला, आपण दोघं तरी...”

“माझे दोन्ही डोस झालेत,” श्यामलाबाई म्हणाल्या. “गीतापठणाला जात होते ना, त्यातले दोन गुरुवार. दंड दुखत होता तेव्हा तुम्हीच म्हणालात, व्यायामात शिस्त नाही म्हणून दुखतोय.”

“मला का नाही सांगितलंस?”

“तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही सांगत होतात.”

त्यांनी बटव्यातून पाकीट काढलं, एक गोळी सोडवून नवऱ्याच्या तळहातावर ठेवली आणि पाण्याचं भांडं पुढे केलं. गोळी लांबट होती, निळसर होती, आणि शरच्चंद्रांना वाटलं होतं त्यापेक्षा बरीच मोठी होती. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली. सगळा कट्टा त्यांच्याकडे बघत होता. मग त्यांनी अगदी हलक्या आवाजात विचारलं,

“ही चावायची असते की गिळायची?”

“गिळायची,” सगळी इमारत एका सुरात म्हणाली.