‘धाडधाड’ची योग्यायोग्यता

अमडापुरात दहावीत शिकणारी दीपमाला मोबाईलवर माणसे मारते, अशी तोंडी तक्रार तिच्या आईने, विमलबाईंनी, मुख्याध्यापकांकडे केली. खेळाचे नाव इंग्रजी आणि लांबलचक होते. गावात त्याला ‘धाडधाड’ म्हणत. पोरगी हुशार होती, अकरावीला चिखलीला जायचे म्हणत होती. पण बापाने, भगवानरावांनी, बजावले होते की आधी त्या खेळाचे काय ते ठरू द्या. खेळ वाईट निघाला तर चिखली रद्द.

मुख्याध्यापक नारायणराव कोणताही निर्णय एकट्याने घेत नसत. शाळेत साप निघाला तेव्हाही तो विषारी की बिनविषारी हे ठरवायला त्यांनी समिती नेमली होती. बैठक भरेपर्यंत साप आपणहून निघून गेला. तेव्हापासून त्यांचा समित्यांवर गाढ विश्वास बसला होता.

त्यानुसार, धाडधाड किशोरवयीनांस योग्य की अयोग्य हे ठरवणारी समिती स्थापन झाली. संस्थेचे अध्यक्ष पंजाबराव तिचेही अध्यक्ष, मराठी शिकवणाऱ्या वच्छलाबाई मॅडम सदस्य आणि नारायणराव निमंत्रक.

“न पाहता एखाद्या गोष्टीला वाईट म्हणणं बरं नाही,” वच्छलाबाई म्हणाल्या.

“पाहून काय समजते? खेळूनच पाहा लागंन,” पंजाबराव म्हणाले.

मग दीपमालालाच शिकवायला बोलावण्यात आले. तिने पंजाबरावांच्या हातात फोन दिला. “काका, हे बटन दाबलं का गोळी सुटते. पन आपल्या पार्टीतल्या मानसाले मारू नका.”

“मारलं तं?”

“काई नाई. थो थोड्या वेळानं उठते.”

“मंग काय मजा!” अध्यक्ष हिरमुसले.

एका बैठकीत खेळाचे दुष्परिणाम कळणे अशक्य असल्याने अभ्यासाला मुदतवाढ मिळाली. मग सदस्यांनी आपापल्या फोनवर खेळ घेतला. अभ्यास खोल जाऊ लागला तसे मराठीचे तास बंद पडले. मुंगीलाही दुखवू नये, असे वर्गात सांगणाऱ्या वच्छलाबाईंचा झुडपामागून पाठीत गोळी घालण्यात हातखंडा होता. पंजाबरावांनी सोयाबीन विकायचे पुढे ढकलले. मुले वर्गात स्वाध्याय करत बसली आणि कार्यालयातून “मेला! मेला!” असे अभ्यासपूर्ण उद्गार ऐकत राहिली.

एका दुपारी नारायणरावांच्या गोळीने पंजाबराव पडले.

“सर, तुमी मले काऊन मारलं? मी तुमच्याच पार्टीत होतो ना?”

“अनवधानाने, अध्यक्ष महोदय.”

“संस्थेच्या निवडनुकीतबी मत असंच अनवधानानं दुसऱ्याले गेलं होतं ना तुमचं?”

“तो विषय समितीच्या कक्षेत येत नाही.”

हे वाक्य पंजाबरावांना सहन झाले नाही. त्यांनी टेबलावरचा पृथ्वीचा गोल उचलून फेकला. तो नारायणरावांच्या कपाळावर बसला. रक्त आले. आयुष्यात प्रथमच समिती न नेमता नारायणराव अध्यक्षांच्या अंगावर धावून गेले.

शिक्षक आले, शिपाई आला, खिडक्यांत पोरे दाटली. सगळ्यांनी फोन काढले. “सर, जरा उजेडात या,” वच्छलाबाई म्हणाल्या. त्या तर वादाला तोंड फुटल्यापासूनच चित्रीकरण करत होत्या.

मध्ये पडली ती एकटी दीपमाला. “काका, सोडा! सरले लागलं, रक्त येऊन राह्यलं!” असे ओरडत तिने पंजाबरावांची कॉलर धरून त्यांना मागे ओढले. मग सरांना खुर्चीत बसवून तिने आपली ओढणी त्यांच्या कपाळावर दाबून धरली आणि दुसऱ्या हाताने त्यांना पाणी पाजले.

समितीचा निर्णय नारायणरावांनी पट्टी बांधलेल्या डोक्याने वाचून दाखवला. खेळाने माणूस हिंसक होतो, हे समितीने स्वतःवर प्रयोग करून सिद्ध केले आहे. सबब किशोरवयीनांस सक्त मनाई. प्रौढांवरील परिणामांचा अभ्यास चालू राहील. तसेच, अध्यक्षांच्या कॉलरवर सदर विद्यार्थिनीचा हात चित्रीकरणात स्पष्ट दिसत असल्याने पालकांनी उचित दखल घ्यावी.

भगवानरावांनी ते चित्रीकरण जीप स्टँडवरच पाहिले होते. घरी येऊन ते म्हणाले, “चिखली राहू दे आता. पोरगी मोठ्या मानसावर हात टाकून राह्यली.”

“आवो, थे सोडवून राह्यली होती!” विमलबाई म्हणाल्या.

“दिसते तं कॉलरच.”

“बाबा, पुढचं पाहा ना,” दीपमाला म्हणाली.

“पुढं काय हाय? भांडन तं सरलं तिथं.” त्यांनी फोन खिशात टाकला. दीपमालाचे नाव गावातच अकरावीला घातले गेले.

तो व्हिडिओ चिखलीहून मोताळ्याला, तिथून आणखी कुठे कुठे गेला. एव्हाना तुमच्याकडेही आला असेल. पृथ्वी कपाळावर आदळते तो भाग लोक मागे नेऊन पुन्हा पाहतात म्हणे. ओढणीचा आणि पाण्याचा भाग अगदी शेवटी आहे. तुम्ही तिथवर पाहिलात, की त्याआधीच हसून पुढे पाठवलात?