उरकुडाभाऊंनी चिरलेला कर्णा

ठेकेदाराच्या ग्रामोफोनचा पितळी कर्णा उरकुडाभाऊंनी कातरीने उभा चिरला, तेव्हा मी समोरच बसलो होतो. चहाचा घोट माझ्या तोंडातच राहिला.

काम साधं होतं. कर्ण्याला पडलेला एक पोचा आतून ठोकून काढायचा, बस्स. कर्णा मीच माझ्या शब्दावर आणून दिला होता. शनिवारी ठेकेदाराच्या भाचीच्या लग्नात तो वाजायचा होता. शिवाय उरकुडाभाऊंची टिनाची शेड उभी होती ती त्याच ठेकेदाराच्या जागेत. आणि हा माणूस जोडावरून एकेक पाकळी सोडवून जमिनीवर मांडत होता, पंगतीत पानं मांडावीत तशी.

"भाऊ, हे काय केलं?" मी कसंबसं विचारलं.

"हा आदी सपाटच होता, मास्तर."

हे त्यांचं पालुपद. जगातली प्रत्येक गोल वस्तू आधी सपाट होती, कोणीतरी मागाहून तिला वळवून ठेवलं, यावर त्यांची श्रद्धा होती. आलापल्लीतले ते एकुलते पत्र्याचे मिस्त्री. बादल्या, नरसाळी, आरागिरणीची धुराडी, सारं त्यांच्याच हातचं. पण बादली दिसली की त्यांना बादली दिसत नसे, तिचा उलगडलेला पत्रा दिसे. माणसांचंही तेच. पोस्टमन आला की त्याच्या डोक्याला जुनं वर्तमानपत्र गुंडाळायचं, बोटाने दाबायचं, कातर फिरवायची. तो बिचारा पत्रं हातात धरून डोळे मिटून उभा. एकदा त्यांनी माझ्या पोटरीचा कागद काढला आणि तो उजेडात धरून म्हणाले, "बी.एस्सी. झाले, पन पोटरी काई भरली नाई."

आता, मी बी.एस्सी. होतो याचा मला अभिमान होता. का नसावा? पोंभुर्ण्याकडच्या आमच्या गावात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. माझ्या वडिलांना सही येत नव्हती आणि ते सांगायला मला लाज वाटत नाही. म्हणून मी उरकुडाभाऊंना एकदा पृथ्वी गोल असल्याचं समजावून सांगितलं. त्याच संध्याकाळी शाळेच्या खिडकीशी येऊन म्हणाले, "फाका करा लागंन. संत्र्यावानी. बारा तरी."

माझी पदवी त्यांनी एकदाच उतरवली. आरागिरणीच्या धुराड्याला कोपर हवं होतं. तिरप्या तोंडाच्या दोन नळ्या जोडल्या की झालं. भूमिती शिकवणारा मी. पट्टी घेऊन पत्र्यावर सरळ तिरपी रेघ मारून दिली. भाऊंनी निमूट तशीच कापली आणि पत्रा गुंडाळला. दोन टोकं भेटेचनात. एक वर, एक खाली, भांडलेल्या जावांसारखी. मग त्यांनी दुसऱ्या पत्र्यावर साप सरपटल्यासारखी नागमोडी रेघ ओढली, कापली, गुंडाळली. नळीचं तोंड विळ्याने ऊस तोडल्यासारखं तिरपं, नीट. वाकडं कापलं म्हणून सरळ आलं.

"तुमची रेघ शहानी हाय मास्तर," ते म्हणाले, "पन पत्र्याले नाई समजत."

या सगळ्या कामात पत्र्याची दुसरी कड धरून बसायच्या त्यांच्या बायको, भागरथाबाई. बाईंना ऐकू येत नसे. भाऊंची हाक चौकातल्या हॉटेलात पोचे, हातभर अंतरावरच्या बाईंपर्यंत पोचत नसे. शेवटी ते पत्र्याला हलका हिसका देत. मग बाई वर पाहत.

तर कर्णा. तीन दिवस त्यांनी प्रत्येक पाकळी कागदावर उतरवली, मग तीच आकृती लहान करून पुन्हा काढली. कशासाठी, ते सांगेनात. शुक्रवारी कर्णा जोडून, घासूनपुसून तयार झाला. ठेकेदार स्वतः न्यायला आला. त्याने जोडावर बोट फिरवलं. कथलाच्या ताज्या डाखाची पांढरी रेघ होती.

ही रेघ कसली, त्याने विचारलं. ती आधीपासूनच होती असं सांगायला मी तोंड उघडलं. जन्मात पहिल्यांदा खोटं बोलणार होतो.

"चिरला होता," उरकुडाभाऊ शांतपणे म्हणाले. "पुन्ना जोडला. आवाज पयल्यासारखाच येते."

ठेकेदार काय काय बोलला ते लिहीत नाही. शेवटी म्हणाला, रविवारी इथे शेड दिसता कामा नये. भाऊ म्हणाले, ठीक हाय.

तो गेल्यावर मी भडकलो. वीस वर्षांची जागा एका दिवसात घालवली. पोस्टमनच्या डोक्यासारखा कर्ण्याला कागद गुंडाळता येत नव्हता?

"गुंडाळला ना. सुरकुत्या पडतेत, मास्तर. हा दोन्हीकून वळते. उघडल्याबिगर त्याची वाट नाई समजत." बाईंकडे पाहत ते म्हणाले, "तीस वर्सं तिनं पत्रा धरला. मी तिच्या कानापाशी ठोकत राह्यलो."

मग त्यांनी गोणपाटाखालून एक वीतभर टिनाचा कर्णा काढला. आठ पाकळ्या, निमुळत्या टोकाला मऊ चिंधी गुंडाळलेली. बाईंच्या कानाला तो त्यांनी अलगद लावला. रुंद तोंडाशी स्वतः वाकले आणि तसेच राहिले. इतकी वर्षं नुसतं ओरडलेल्या माणसाला काय बोलावं सुचेना.

त्यांनी टिनावर नखाने टिचकी मारली.

"आली," बाई म्हणाल्या.

मग भाऊ बोलले. इतकं हळू, की दोन हातांवर असून मला एक शब्द ऐकू आला नाही. बाई ऐकत होत्या. ऐकता ऐकता त्यांनी मान वर करून शेडच्या छपराकडे एकदा पाहिलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"मंग उचलू ना," त्या म्हणाल्या. "पत्रे तं आपलेच हायेत."